किती भाकरी टाकू?

माझ्या सासूला, आत्याबाईंना, तवा चढवायच्या आधी आकडा लागायचा. रोज दोन वेळा, घरातल्या प्रत्येकाकडून. परात पुढ्यात घेऊन आत्याबाई चुलीपाशी बसायच्या, पण पिठात हात घालायच्या नाहीत. आधी हाक. ओसरीवरच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. गोठ्यातल्या सालदाराला, म्हणजे सालभरासाठी ठेवलेल्या गड्याला. शाळेत शिकवायला जायची घाई करणाऱ्या यांना. मग माझ्या नणंदेला आणि शेवटी मला. "किती टाकू?" एवढंच विचारायच्या. ज्यानं त्यानं आपला आकडा सांगायचा, दोन, तीन, अडीच. त्याची बेरीज मनातल्या मनात करून तेवढंच ज्वारीचं पीठ परातीत पडायचं. अडीच सांगणारा कोणी असला तर उरलेली अर्धी खाणारा दुसरा कोण, हेही आधीच ठरवून ठेवायच्या.

मी पांढुर्ण्याची. बाबांचं कापडाचं दुकान, बाजारातच घर, दिवसभर आल्यागेल्याची वर्दळ. आमच्याकडं जेवणाची पद्धत म्हणजे आग्रह. ताटातलं संपायच्या आत वाढायचं, नको म्हटलं की दुप्पट वाढायचं, हात आडवा धरला तर हातावर वाढायचं. जेवून उठलेल्याच्या ताटात काहीच उरलं नाही तर माझ्या आईला वाईट वाटायचं. बिचाऱ्याचं पोट भरलं नाही, म्हणायची. अशा घरातून मी रामाकोन्याला आले. हे तिथल्या शाळेत मास्तर, आणि मामाजींची गावाबाहेर कापसाची, ज्वारीची शेती, विहिरीपाशी संत्र्याची थोडी झाडं. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी आत्याबाईंनी मला विचारलं, "तू किती खाशीन वं?"

माय वं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या नवरीला कोणी असं विचारतं का? मी मान खाली घालून म्हटलं, एक. मला वाटलं, आता दोनतीनदा आग्रह होईल आणि तीन ताटात पडतील. कुठलं काय. एक म्हटली, एक मिळाली. सोबत वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि बस्. दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडत होते आणि मी गोठ्यामागं जाऊन रडले. कंजूष लोकांत दिली मला, असं म्हणून बाबांना मनातल्या मनात बोल लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, किती? मी रागानं म्हटलं, तीन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, आता खरं बोलली. त्या दिवशी तीनही भाकरी गरम गरम ताटात पडल्या, पापुद्रा सुटलेल्या. मी तिन्ही खाल्ल्या.

तरी त्यांना कंजूष म्हणायचं मी काही सोडलं नाही. आता म्हातारपणी सांगायला लाज नाही वाटत, पण पहिली दोन वर्षं मी त्यांच्यावर मनातून चिडलेलीच होते. त्या काय करतात आणि का करतात, हे हळूहळू दिसत गेलं, आणि दिसलं तसतशी मी गप्प होत गेले.

एक भाकर म्हणजे काय, हे मला पांढुर्ण्यात कधी कळलंच नव्हतं. तिथं पीठ चक्कीतून यायचं. इथं आत्याबाई आणि माझी नणंद दिवस उगवायच्या आधी जात्यावर बसायच्या. पाणी विहिरीवरून डोक्यावर यायचं. चुलीत जाळायला पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर राहिलेली वाळकी झाडं. ती उपटताना हाताची सालटं निघायची. पऱ्हाटीचा ढीग पावसाळाभर पुरवायचा असायचा. रानातून ओलं लाकूड तोडून आणणं आत्याबाईंना मुळीच खपायचं नाही. मामाजींनी एकदा पळसाचं झाड तोडायचा विचार बोलून दाखवला, तर दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पाहुणे आले की लागणाऱ्या आमच्या पत्रावळी त्याच पळसाच्या पानांच्या. एक भाकर जास्तीची झाली म्हणजे कोणाच्या तरी हाताचे जात्यावरचे फेरे वाया, एक घागर वाया, मूठभर पऱ्हाटी वाया. त्या हे बोलून दाखवत नसत. विचारायच्या तेवढं.

आणि त्या घरातून बाहेर टाकायला काही निघतच नसे. खरं सांगते, उकिरड्यावर शेणाशिवाय फारसं काही जायचं नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. कोहळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, दुपारच्या वेळी सोलून खायच्या. भांडी घासायला राख, आणि घासलेलं पाणी वालाच्या वेलाला. वांगी उतू चालली की त्यांच्या फोडी करून उन्हात घालायच्या, त्या वाळल्या की त्यांना आम्ही खुला म्हणतो. पावसाळ्यात भाजी नसली की खुलांचं कालवण. संत्र्याची सालं वाळवून शिकेकाईत कुटायची, आणि त्या पाण्यानं न्हालं की केस दिवसभर घमघमायचे. जेवून झालं की मामाजी ताटात घोटभर पाणी घालून, बोट फिरवून, ते पाणी पिऊन टाकायचे. सालदारही तसाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. पुढं मीही पिऊ लागले, आणि कधीपासून ते मला आठवतही नाही.

त्या बाजारातून काय आणायच्या, विचाराल तर मीठ, गूळ, थोडी हळद आणि कधीमधी सुकं खोबरं. बाकी सगळं जे ज्या महिन्यात शेतात येईल ते. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा उगवायचा, ज्याला लोक तण म्हणून उपटून फेकतात. त्याची कोवळी पानं खुडून आत्याबाई अशी भाजी करायच्या की मी नुसती खायची. मग अंबाडी, मग हरभऱ्याचा पाला, मग वाल, मग भेदरं, म्हणजे तुमचे टमाटर. उन्हाळ्यात अंबाडीचीच वाळलेली फुलं. भाजीवाल्याच्या पाटीतले आलू बारा महिने मिळायचे, पण त्यांना ते बारा महिने खायचे असतात हेच पटायचं नाही. परवा नातीनं शाळेतून एक कागद आणला. हंगामात पिकतं ते खा, जवळपास पिकतं ते खा, ताटात टाकू नका, पृथ्वी वाचवा, असं त्यात छापलेलं. मला हसूच आलं. आमच्या आत्याबाईंनी पृथ्वीचं नावही कधी काढलं नाही, आणि अक्षर तर त्यांना एक वाचता येत नव्हतं.

त्या आकड्याचा आणखी एक उपयोग होता, तो मला माझ्याच अंगावर कळला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा मी दोन दिवस सलग अर्धी म्हटली. त्या काही बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात चिंचेचा ठेचा आला आणि जात्यावरून माझी सुट्टी झाली. दिवस राहिलेत हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. सालदाराचा आकडा उतरला की त्या त्याच्या घरी त्याची बायको भांडली का याची चौकशी करायच्या. आणि मामाजी रागात असले की त्यांचा आकडा चढायचा. एकदा भावकीच्या भांडणातून घरी आले आणि पाच म्हणाले. पाचवी खाऊन झाल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण आत्याबाईंनी हूं की चूं केलं नाही. माणूस तोंडानं लपवतो ते आकड्यात निसटतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता त्या स्थळाचं सांगते.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, तो हिवाळा. तोपर्यंत नागपूर म्हणजे आमची राजधानी. कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडंच. अचानक ते परराज्य झालं. लोकांच्या डोक्यात काहीबाही घुसलं होतं. आता तिकडचे लोक इकडच्या पोरी करणार नाहीत, इकडच्या पोरींना तिकडं कोणी विचारणार नाही, असं जो तो बोलायचा. माझ्या नणंदेची दोन स्थळं त्याच हिवाळ्यात मोडली. मामाजींना घोर लागला. सतरा वर्षांची झाली होती ती, आणि त्या काळी सतरा म्हणजे लोक बोलायला मोकळे.

मग माझ्या बाबांनी स्थळ आणलं. त्यांच्या दुकानाला माल देणाऱ्या नागपूरच्या घरातला मुलगा. कचेरीत कारकून, कायम नोकरी, भोपाळला, नव्या राजधानीला, बदली होणार नाही याची खात्री झालेला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. माझ्या माहेरच्यांनी आणलेलं स्थळ, नागपूरचं, सरकारी नोकरीचं. मी ठरवूनच टाकलं की हे लग्न मी जुळवून दाखवणार. नणंद माझी लाडकी होती. तिला मी वेणीफणी शिकवली होती, पत्र लिहायला शिकवलं होतं. तिचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, हे आधी सांगून ठेवते.

पाहायला यायचा दिवस ठरला आणि मला एकच धास्ती लागली. आत्याबाई त्या पाहुण्यांना विचारतील, किती टाकू. नागपूरच्या माणसांना. मी रात्रंदिवस त्याच विचारात. शेवटी धीर करून बोललेच. म्हटलं, आत्याबाई, एवढा एक दिवस तुम्ही कोणालाच विचारू नका. ते लोक अपमान समजतील, आपल्याला भिकारी समजतील, आणि पोरीचं स्थळ हातचं जाईल. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या म्हणाल्या, तुझ्या माहेरच्यांनी आणलेलं आहे, तुला त्यांची रीत माहीत, तू म्हणशील तसं. आणि चुलीपुढची जागा मला देऊन त्या कापूस वेचायला निघून गेल्या.

मग काय, मी पदर खोचला. पांढुर्ण्याहून गहू मागवला, चिन्नोर तांदूळ मागवला, वनस्पती तुपाचा डबा मागवला. तेव्हा ते आमच्याकडं नवीनच आलं होतं आणि ज्याच्या घरी तो डबा, त्याची ऐट. आलू आणले. बुंदी केली. परसात वालाच्या शेंगांचा खच पडला होता, पण नागपूरच्या पाहुण्यांना वाल कसा वाढायचा? पत्रावळी नकोत म्हणून शेजारून पितळी ताटं मागून आणली. पाहुणे चार येणार होते. मी पुऱ्या तळल्या त्या वीस माणसांच्या. पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली पऱ्हाटी जवळपास अर्धी जाळली. आत्याबाई दारातून एकदा डोकावल्या, ढिगाकडं पाहिलं आणि पुन्हा बाहेर गेल्या.

छोट्या गाडीनं, म्हणजे आमच्या अरुंद रुळांच्या आगगाडीनं, पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, काका आणि एक मित्र. मुलगा दिसायला चांगला, बोलणंही मऊ. नणंदेला पाहिलं, दोन प्रश्न विचारले, आणि जेवायला बसले. मी माहेरची सगळी रीत वापरली. नको म्हटलं की वाढलं, हात आडवा धरला की हातावर वाढलं. माझे सासरे ओसरीवरून पाहत होते आणि एवढं वाढलेलं पाहून तेही खूश दिसले. पाहुणे उठले तेव्हा मुलाच्या वडिलांनी मामाजींना बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी पसंत आहे, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस काढा आणि पांढुर्ण्याला आमच्या त्या मित्राकडं, म्हणजे माझ्या बाबांकडं, कळवा. मी आतून ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलं, वाटलं.

खरकटी ताटं नणंदेनं उचलली. ती त्या दिवशी काय बोलली, जेवली की नाही, मला काहीच माहीत नाही. मी उरलेल्या पुऱ्या मोजत होते.

बाप्पा, केवढं उरलं होतं. टोपलंभर पुऱ्या, पातेलंभर भात, बुंदी, आलूची भाजी. बैलांना घालावं तर शिजलेल्या अन्नानं बैलाचं पोट फुगतं. गावात वाटावं तर लोक म्हणतील पाहुणे जेवले नाहीत का. संध्याकाळी आत्याबाई शेतातून आल्या, सगळं पाहिलं. भाताला वास लागायच्या आत त्यात मीठ-जिरं घालून, मळून, त्याचे सांडगे घालून टाकले. आलूची भाजी रात्रीच संपवायला लावली. ताटातलं उष्टं मात्र काही करता येत नव्हतं. ते त्यांनी स्वतः नेऊन उकिरड्यात खड्डा करून पुरलं. मला म्हणाल्या, पुऱ्या संपेस्तोवर चूल पेटवू नको.

दोन दिवस घरानं शिळ्या पुऱ्या खाल्ल्या. सकाळ-संध्याकाळ. मामाजींच्या छातीत त्या वनस्पती तुपानं जळजळ सुटली, सालदार तोंड वाकडं करत होता, हे शाळेत डब्यात पुऱ्या नेत होते. कोणी मला एक शब्द बोललं नाही, आणि सगळ्यांत जास्त आत्याबाईंनीच खाल्ल्या. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि त्या दोन दिवसांत कोणाला आकडा विचारायचा प्रश्नच नव्हता. टोपलं मध्ये ठेवलेलं असायचं, ज्यानं त्यानं घ्यायचं. कोण किती खातं, कोण खात नाही, कोणाचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मामाजी पांढुर्ण्याला निघणार होते, साक्षगंधाचा दिवस पक्का करायला. कोट घातला होता, टोपी डोक्यावर होती. सकाळची चूल पेटली. आत्याबाई परात घेऊन बसल्या आणि हाका सुरू झाल्या. यांनी तीन सांगितल्या, सालदारानं चार. मग नणंदेला विचारलं. ती तीन खाणारी पोट्टी. लहानपणापासून तीन, ताप असला तरी दोन.

ती म्हणाली, "एक."

आत्याबाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा एक म्हटलं. त्यांनी परात बाजूला सारली, उठल्या, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती दिवसांची उपाशी आहे म्हणून विचारलं. पोरगी रडायलाच लागली. त्या दोन दिवसांत तिनं पुरीचा एक तुकडा तोंडात घातला नव्हता. ती माझ्यासमोर, माझ्याच घरात, उपाशी फिरत होती आणि मला पत्ता नव्हता.

काय झालं म्हणून विचारलं तर सांगेचना. मग खाली पाहत बोलली, "त्यानं भातावर हात धुतले, माय."

जेवण झाल्यावर मुलानं तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतले होते. ताटात अर्धा भात तसाच, दोन पुऱ्या तशाच. वरून गुळणीही टाकली. ते ताट तिनं उचललं होतं. ते पाणी, तो भात, आणि त्या पाण्यात तरंगणारी बुंदी. ती म्हणाली, मला त्या घरी नका देऊ.

मला आधी हसू आलं आणि मग राग. हे काय कारण झालं? एवढं चांगलं स्थळ, पगारी नोकरी, आणि म्हणे हात धुतले. आमच्या पांढुर्ण्यात कितीतरी लोक ताटात हात धुतात, माझे बाबा धुतात, माझे भाऊ धुतात. मी तसं बोललेही, तावातावानं. माझ्या माहेरच्यांची काय इज्जत राहील, तेही बोलले. मामाजी तर ओरडलेच, की असल्या कारणानं कोणी स्थळ मोडतं का, उद्या आणखी कोण येणार आहे दारात, राज्य तिकडचं इकडं झालंय. हे मध्ये उभे, कधी बापाकडं पाहत, कधी आईकडं.

आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पोरीला चुलीपाशी बसवलं. मग म्हणाल्या, "पोट्टी एक म्हणून राहिली. मले तेवढं पुरे." आणि मामाजींना विचारलं, "तुमच्या किती टाकू?"

मामाजी दारात उभे, कोट घातलेले. मग टोपी काढून खुंटीला अडकवली आणि चार म्हणाले. चारही एकेक करून रेटून संपवल्या. पांढुर्ण्याला गेले नाहीत. बाबांना नकाराचं पत्र मलाच लिहावं लागलं, कारण हे शाळेत निघून गेले होते. कारण काय लिहावं ते सुचेना. नुसतं लिहिलं, जमत नाही.

मी दोन दिवस धुमसत होते. कोणाशी धड बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी आत्याबाईंनी परात माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, आज तू विचार. इतक्या वर्षांत त्यांनी ते काम कोणाला दिलं नव्हतं. मी विचारलं. मामाजींनी दोन सांगितल्या, अगदी हळू आवाजात, आणि मला कळलं की म्हाताऱ्याला लेकीची चिंता अजून लागून आहे. सालदार जोरात चार म्हणाला. हे तीन म्हणाले, म्हणजे यांना काहीच झालेलं नाही, नेहमीप्रमाणे. मग नणंदेला विचारलं. ती म्हणाली, दोन. मग जरा थांबून म्हणाली, नाही, अडीच. अडीच ऐकून मला इतका आनंद झाला की मी पिठात पाणी जास्त घातलं. त्या विचारण्यात काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी नागपूरच्या चार माणसांना वीस माणसांचं वाढलं होतं आणि घरातल्या एका पोरीला काही विचारलं नव्हतं.

त्या रविवारी बाबा आले. सौंसरपर्यंत मोटारीनं आणि पुढं छोट्या गाडीनं. चेहरा लालबुंद. दुकानाला माल देणाऱ्या माणसासमोर त्यांची मान खाली गेली होती, ते काही खोटं नव्हतं. ओसरीवर मामाजींशी तोलून मापून बोलले, पण प्रत्येक वाक्यात धार होती. कारण विचारत होते. मुलात काय खोट आहे, घरात काय खोट आहे, तोंडानं सांगा, मी त्यांना काय सांगू. मामाजी सुपारी कातरत राहिले. ते कसे सांगणार? त्यांना ते कारण पटलेलंच नव्हतं.

जेवायची वेळ झाली. आत्याबाई परात घेऊन बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून चुलीपासूनच बोलल्या, "इवाईबुवा, तुमच्या किती टाकू?"

बाबांना आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं. ते ताठ्यानं म्हणाले, तीन. मला माहीत होतं, रागात आहेत, दोनच जातील. पण तीन म्हटल्या, तीन पडल्या. वालाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी, कांदा. रस्सा वाटीत. पत्रावळीऐवजी बाबांसाठी मी माहेरून आणलेलं माझं एकुलतं पितळी ताट काढलं होतं, त्यातच भाकर वाढली. ते जेवले. भाजी पुन्हा मागून घेतली. तिसरी भाकर अर्ध्यावर आली आणि हात थांबला.

त्यांनी डावीकडचा तांब्या उचलला. उजवा हात ताटावर धरला, अर्ध्या भाकरीच्या वर. जन्मभर पाहिलं होतं मी ते. आईनं ती ताटं उचलली होती, मीही उचलली होती, आणि त्यात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. नणंद चुलीपाशी भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

मी पुढं झाले आणि बाबांचा तांब्या धरला. बापाचा हात धरायची ती माझी पहिली वेळ. म्हटलं, "बाबा, तुम्ही कारण विचारलं ना. हे कारण आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ताटाकडं पाहिलं, मग त्या पोरीच्या पाठीकडं. मला वाटलं आता उठतील, ताट ढकलतील आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत. मी रडत होते आणि तांब्या सोडत नव्हते. बाबांनी तांब्या माझ्या हातात राहू दिला. ती अर्धी भाकर उचलली, चटणीला लावली, आणि पोट भरलेलं असताना, एकेक घास, सगळी खाल्ली. मग परसात जाऊन केळीच्या बुंध्याशी हात धुतले.

निघताना चपला घालून ते चुलीच्या दाराशी आले. त्या काळी स्थळ मोडायचं तर माणसं पत्रिकेचं नाव घेत, घरातल्या आजाऱ्याचं नाव घेत, काहीही सांगत. पोरीची मर्जी हे कारण मी तोवर कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाबा आत्याबाईंना म्हणाले, "इहीनबाई, नागपूरला मी स्वतः जातो. पोरीची मर्जी नाही, असंच सांगतो."